चांदरचं फाटक

ओटफ्रीड वेंडलांट, निवृत्त, जर्मन रेल्वे,
फाटकापासून तिसऱ्या घरात भाड्याने.
हाफ पँट, तीही इस्त्रीची.
पहिल्याच दिवशी विचारलं,
कुळ्याची गाडी किती वाजता?
म्हटलं, येते तेव्हा.
त्याने वही काढली.

अडतीस वर्षं माग्डेबुर्गला बसून
तो गाड्यांच्या वेळा आखत होता.
त्यातली एक रोज रात्री
तारेच्या कुंपणापलीकडे जायची.
तिचं प्रत्येक मिनिट त्याचं,
तिकीट मात्र त्याला मिळायचं नाही.
हे फेणीच्या दुसऱ्या पेल्यावर सांगितलं,
बांगड्यांचा भाव सांगावा तसं.

आणि कुंपण पडलं तेव्हा?
तेव्हा मी ड्युटीवर होतो.
त्या रात्री सगळ्याच गाड्या लेट.
वर उत्तर द्यायचं होतं.

वहीत आमच्या कोळशाच्या मालगाड्या:
तेवीस मिनिटं. एक तास चार. आलीच नाही.
मी फाटक पाडलं की तो घड्याळ बघायचा
आणि मला उगीच अपराधी वाटायचं.

मग एका पानावर दिसलं,
पोदेर, सहा सतरा.
खाली पुन्हा पोदेर, सहा सतरा.
पानंच्या पानं तेच.
सायकल, भोंगा, गरम उंडे,
सहा सतरा.

चवथीपासून घर बंद आहे.
वही माझ्याकडे.
भाषा कळत नाही, आकडे कळतात.

काल पोदेर पाच मिनिटं उशिरा आला,
चेन निसटली म्हणाला.
मी केबिनमधून पेन आणलं.