तपकिरीवर पिवळी रेघ

सकाळच्या भरतीला किल्ली फिरवली तर नुसतं टक्.
पुन्हा फिरवली. टक्.
टॉलेसबरीच्या खाडीत पाणी अजून तासभर थांबणार होतं,
मग 'डनलिन' चिखलात बसणार, आणि मी तिच्यात.

बॅटरीला मीटर लावला: बारा पॉइंट सात.
म्हणजे अंगात ताकद आहे, उठायचं मात्र नाव नाही.
असे पेशंट मी एकतीस वर्षं पाहिले
कोलचेस्टरच्या हॉस्पिटलात, वायरी चिकटवत:
लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या,
हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या.
बारा लीडचा ईसीजी म्हणतात, वायरी असतात दहाच.
कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

इथे तशी शिस्त नाही.
बोट विकताना लेन मसेटने बिस्किटांच्या डब्यातून
एक वही दिली होती. सातव्या पानावर
इंजिनच्या वायरिंगचा नकाशा, पेन्सिलीने,
आणि चहाच्या कपाचा डाग नेमका स्टार्टरवर.
वहीत जी पांढरी-लाल, ती प्रत्यक्षात निळी;
निळी संपते तिथे टेबललॅम्पची वायर पिळलेली,
वर चिकटपट्टी, त्याच्या ठसठशीत अक्षरात:
'तात्पुरतं. मे १९८९.'

पाणी गेलं. बोट डावीकडे कलली.
ठेवला पाना की घरंगळतो.
गुडघ्यांखाली उशी घेऊन मी पेटीत डोकं घातलं
आणि एकेक वायर बोटांनी चाचपत निघाले.

डिझेलची एक गोष्ट मला फार आवडते:
एकदा लागलं की त्याला वीज लागत नाही,
स्वतःच्याच दाबाने तापतं, पेटतं, चालतं.
ही सगळी जाळी फक्त त्याला उठवायला
आणि नंतर तब्येत कळवायला.
जाड वायर काम करते,
बारीक वायर हुकूम सोडते.
घरोघरी तेच.

जायला वायर आहे, परतीला मात्र इंजिनचं लोखंडच,
आणि लोखंडापासून बॅटरीपर्यंत एकच काळी केबल.
स्टॉपची मूठ ओढून ठेवली (चुकून लागलं तर
चिखलात त्याला थंड करायला पाणी कुठलं?),
मीटरची एक सुई लोखंडाला, एक बॅटरीच्या ऋण टोकाला,
आणि लांब काठीने किल्ली ढकलली.
टक्.
चार व्होल्ट!
बारातले चार परतीच्या वाटेतच कुणीतरी खात होतं.
नट सोडला, तर झारीतला शुक्राचार्य सापडला:
एक वॉशर, शेवाळासारखा हिरवा,
माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा.
पॉलिश पेपरने घासला. मग वाटलं, कशाला,
नवा पन्नास पेन्सला मिळतो. बदलला.

तरी एक उरलंच. चार्जिंगचा दिवा लागत नव्हता.
तपकिरीवर पिवळी रेघ असलेली वायर
(ही मात्र वहीत होती तश्शीच)
अल्टरनेटरपासून त्या दिव्यापर्यंत जाते.
लेनने खाली लिहिलंय: 'बल्ब गेला तर चार्जिंग गेलं.'
दिवा बातमी देतो एवढंच मला वाटलं होतं;
पण त्याच्यातून झिरपणाऱ्या चिमूटभर करंटनेच
अल्टरनेटर पहिल्यांदा डोळे उघडतो.
दोन वॅटचा बल्ब. बसवला.

संध्याकाळी सव्वासहाला पाणी परत आलं,
आधी ओहोळांतून, मग सगळीकडून.
किल्ली. दिवे. बझरचा ओरडा.
मग धडधड, पांढरा धूर, एक खोकला, पुन्हा धडधड,
आणि मागून पाण्याची पिचकारी.
तेलाचा दाब आला, बझर गप्प.
जरा वेग दिला, तसा नवा दिवा विझला.
माझ्या नोकरीत काही विझणं कधी चांगलं नव्हतं.
मी बराच वेळ त्या विझलेल्या दिव्याकडे बघत होते.

एक वायर अजून उरलीय. जांभळी.
फ्यूजबॉक्सच्या मागून निघते, फळीखालून जाते,
आणि कशालाच जोडलेली नाही.
चिठ्ठी आहे: 'ही काढू नये. लेन.'
रात्री त्याला फोन केला.
'जांभळी?' म्हणाला. मग बराच वेळ काही नाही,
मागे टीव्हीवर कुठलीतरी मॅच.
'असू दे,' म्हणाला.