बादली केव्हा पडावी

एरी सरोवरावरून बर्फ आडवा येतो
आणि पोलिश हॉलच्या तळघरात
दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
आम्ही नऊ माणसं ठरवत बसतो
की बादली केव्हा पडावी.

थडियस प्रोजेक्टर लावतो.
चाळीस वर्षं छपरं शाकारून त्याची बोटं राठ झालीत,
पण फिल्म ओवताना
सुईत दोरा घालावा तशी हळुवार चालतात.
पडदा म्हणजे चादर. तिला मधोमध एक घडी आहे,
इस्त्री करूनही जात नाही,
त्यामुळे आमच्याकडचा डब मॅक्लस्की
दर वेळी कमरेत दुमडूनच पडतो.

मी कॉफी ओततो. मला मत विचारत नाहीत.

ओत्तिली म्हणते, ‘शिडी’.
दुसऱ्या रिळाचं नाव काढू नका माझ्यासमोर.
डब वर, फिंच खाली, मध्ये चुन्याची बादली,
आणि ती पडत नाही.
डुगडुगते, पडत नाही.
फिंच बाजूला होतो, हुश्श करतो,
टोपी काढून कपाळ पुसतो.
मग.
“टोपी काढल्यावर!” ओत्तिलीची मूठ टेबलावर, कप थरथरतात.
“टोपी असताना पडली असती
तर तो नुसता अपघात झाला असता.”

चौपन्न चौकटी, गार्नेट म्हणतो. वहीत लिहून ठेवलंय.
हुश्शपासून बादलीपर्यंत सव्वादोन सेकंद.
पण त्याचं स्वतःचं मत ‘बेकरी’ला:
चौदा माणसं, एक पोलीस, पिठाची अकरा पोती,
शेवटी कोण कोण आहे ते आईलाही कळू नये.
“फेकाफेक,” ओत्तिली नाक मुरडते.
“पीठ कुणीही फेकतं. आमच्या लग्नातसुद्धा फेकलं होतं.”

सर्वांत वाईट कोणतं, यावर मात्र आमच्यात भांडण नाही.
‘घोड्याचा डॉक्टर’. अगदी शेवटचं.
तोवर फिंचचा गुडघा गेलेला.
त्याच्याऐवजी पाठमोरा कुणीतरी पडतो, खांदे रुंद, केस दाट,
आणि प्रत्येक थपडेला गाईच्या गळ्यातली घंटा वाजते.
फिंच आपटलाच नाही त्यात,
आपटला तो सिनेमा.
हे वाक्य गार्नेटचं. तो ते दर वर्षी म्हणतो
आणि दर वर्षी आम्ही हसतो.

हात वर झाले. आठ.
नववी इमानी. नवीन आलीय, इस्पितळात काम करते,
हिप बदललेल्या लोकांना चालायला शिकवते.
“पडणारा दुसरा आहे,” ती म्हणाली,
“पण उठणारा तोच आहे.
पाहिलंत का कसा उठतो?
आधी घोड्याच्या पाठीवर हात. मग बरा पाय. मग दुखरा.
आणि तेवढ्या वेळात चेहऱ्यावर एकही विनोद नाही.
मी दिवसाला असे सहा उठवते.”

प्रोजेक्टरचा पंखा घरघरत राहिला.
गार्नेटने वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं.
“तरीही वाईटच,” ओत्तिली म्हणाली.
“वाईटच,” इमानी म्हणाली. “पुन्हा लावा.”

लावलं. घंटेसकट.
घोड्याच्या पाठीशी आल्यावर
कोणीच काही बोललं नाही,
मी ओतत असलेली कॉफी बशीत सांडली.

साडेदहाला बाहेर पडलो. पायऱ्यांवर काचेसारखा बर्फ.
थडियसच्या काखेत रिळाचा डबा, तोंडात हातमोजा,
आणि त्याचा पाय गेला तो सरळ आभाळाकडे.
धप्प.
कोणी हसलं नाही. एवढी वर्षं हेच पाहत आलो,
आणि नेमक्या वेळी सगळ्यांची वाचा बसलेली.
तो बसल्या जागेवरून म्हणाला, “किती?”
“चार,” ओत्तिलीचा आवाज जरा कापरा.
“दहापैकी. हात फार लवकर टेकलेस.”

इमानी खाली वाकली.
त्याने गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला,
मग बरा पाय.

डबा तोवर उतारावरून घरंगळत
दिव्याच्या खांबापर्यंत पोचला होता.
तिथं थांबला, कडेवर उभा,
काही आठवत असल्यासारखा,
आणि मग खण्णकन आडवा झाला.

“चौपन्न,” गार्नेट म्हणाला.