नाकात शिसं

चाळीस वर्षं मी लोकांचे दात घडवले,
गिमलीतल्या कोळ्यांचे, बेकरीवाल्या ओलाफसनबाईंचे,
एकदा पाद्र्याचे, रविवारच्या आत.
तीच कानस, तेच मेण, तोच दिवा
आता एका विमानाच्या कामी आलेत
जे कधी झालंच नाही.

प्रमाण एकास बहात्तर.
पेटीत आलं ते जुनं, चार पिस्टन इंजिनांचं.
बाबांनी ज्याच्या पोटाखाली हिवाळे काढले, ते.
तेलाने माखून घरी आले की
आई विचारायची, "आज कितवं?"
"तिसरं."
नेहमी तिसरंच.

एकसष्टच्या फेब्रुवारीमागे, कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर
त्यांनी पेन्सिलने काढलं होतं :
पिस्टन उतरवायचे, टर्बोप्रॉप चढवायचे.
समासात, माशाच्या काट्यांसारख्या अक्षरात,
"नवं इंजिन हलकं. म्हणून पुढे न्यावं लागेल,
नाहीतर तोल जाईल."
कंपनीने कागद परत केला, घडीसुद्धा न उलगडता.
विमानं भंगारात गेली.
बाबा रिंकवरचं बर्फ घासायचं यंत्र दुरुस्त करू लागले
आणि जेवताना हवामानावर बोलू लागले.

मी जुनी इंजिनं कापली.
हात थांबला होता, खोटं कशाला सांगू,
गोल, ठेंगणी, देखणी होती ती.
नव्यांना पेनच्या नळ्या, वर दातांचं ॲक्रिलिक.
माझ्याकडे उरलेलं सगळं गुलाबी,
त्यामुळे आठवडाभर
पंखांना चार हिरड्या फुटल्यासारख्या दिसत होत्या.
भरायचं, घासायचं, पुन्हा भरायचं.
पुढे न्यायचं, पण किती?
समासात आकडा नव्हता.
डोळ्यांनी ठरवलं. सहा मिलिमीटर.
रात्री उठून आठ केले.

चाकांवर ठेवलं तर शेपटीवरच बसलं,
नाक वर करून, रुसलेल्या कुत्र्यासारखं.
बरोबरच आहे.
प्लास्टिकला इंजिनाचं वजन कुठून कळणार?
चिकटवलेलं नाक पुन्हा कापलं,
भावाच्या गळांच्या डब्यातल्या शिशाच्या गोळ्या
आत घातल्या. एक. दोन.
पाचवीला ते पुढे झुकलं
आणि उभं राहिलं.

नोंदणीची अक्षरं मनाची लावली,
शेवटची दोन बाबांची.
शेपटीवर कंपनीचं चिन्ह नाही.
तेवढा राग ठेवला.

शेजारच्या हावरिलुकांचा डॅनिलो आला,
नऊ वर्षांचा, हातमोजे न काढता.
"हे उडायचं?"
नाही.
"मग उडणारे?"
बाहेर तळं काठापर्यंत गोठलेलं.
एक ट्रक त्यावरून
दिवे लावून सावकाश चालला होता.
मी उत्तर शोधेपर्यंत
त्याने गाल फुगवून फुंकर मारली.

एक, दोन, चार गच्च,
गोंद मीच लावलेला.
तिसरा पंखा फिरला.
त्याला लावायचा राहिला होता बहुतेक.
पोरगं पुन्हा फुंकलं, तो पुन्हा फिरला,
पाती दिसेनाशी होईपर्यंत.

गोंदाची बाटली हाताशीच होती.
मी तिला टोपण लावलं.