उपाशीपोटी

नमुना माझाच होता.
ट्यूबवर नाव लिहिलं नाही, नुसता आकडा टाकला, चौतीस,
आणि ठेवून दिली मशीनमध्ये, इतरांच्या रांगेत.
बावीस वर्षं मी लोकांच्या दंडाला रबर बांधते आहे.
मूठ आवळा. आता सोडा.
चौतीसचा कागद बाहेर आला
तेव्हा सवयीनं म्हणाले,
"ह्या बाईंना मेडिसिनला पाठवा."
खोलीत मी एकटीच.

कारखान्यातल्या एका पोराची बदली झाली कराडला.
त्याची जाड टायरांची सायकल मी घेतली, नऊ हजारांत.
त्या महिन्यात भिशी लागली होती.
घरी म्हणाले, फ्रिज घेऊ मोठा.
म्हटलं, आहे तो रिकामा ठेवायला शिकू आधी.

पंक्चरवाल्या मुजीबनं तिला उलटी केली, सुलटी केली,
बैल घेताना वशिंड दाबून बघतात
तसा पुढचा शॉकअप दाबून पाहिला.
"हिला कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटी नाही.
मॅडम, भाजी कशात आणणार?"
मग पेटीच्या तळातून एक पितळी घंटी काढली,
फडक्यानं पुसली
आणि बसवून दिली. पैसे घेतले नाहीत.

पहाटे मंडीबाजारातली कुत्री ओळखेनात मला.
लेगिंग, वर नवऱ्याचा टी-शर्ट,
पायांत ड्युटीचेच बूट.
पद्मिनबाई सडा टाकता टाकता थांबल्या.
"कुठं चाललाव सिस्टर, एवढ्या अंधाराचं?"
सिस्टर नाही मी. पण कितींदा सांगायचं.
"डोंगरात."
"अगं बाई. कोण वारलं?"

बुट्टेनाथच्या अंगाला डांबर संपतं आणि मुरूम लागतो.
पहिल्या चढाला उतरले.
दुसऱ्या चढाला उतरले.
तिसऱ्याला उतरायची वेळ आली नाही,
तरवडाच्या पिवळ्या फुलांत आडवी झाले
सायकलीसकट.
गुडघ्यातून रक्त आलं. बघत बसले.
गोठायला किती लागतात ते घड्याळावर मोजलं.
चार मिनिटं.
चला, हे तरी नॉर्मल.

वरून शेळ्या उतरल्या, मागं भिवराबाई.
"तुम्ही त्या रक्तवाल्या ना?
मागल्या साली मला सुई टोचली होती."
"काय निघालं मग?"
"तुम्हीच म्हणलाव की, काय नाही म्हणून.
रोज डोंगर चढायले मी. कशाचं काय निघतंय?"
सायकलीला एक प्रदक्षिणा घातली तिनं,
साखळीला बोट लावलं, बोट पदराला पुसलं.
"बसा," म्हणाली.
आणि मागून सीटला हात लावून ढकलायला लागली,
एकावन्न वर्षांच्या बाईला
एकाहत्तरची बाई,
तोंडानं शेळ्यांना हाकारत, आणि मध्येच मलाही,
त्याच आवाजात.

सीताफळीच्या वळणावर कधीतरी तिचा हात सुटला.
मला कळलं नाही.
फुप्फुसांत कुणी चूल फुंकत होतं,
डोळ्यांत घाम, दातांत धूळ,
आणि खालची दोन चाकं
माझंच ऐकत होती.

उताराला मात्र मी कुणाचंच ऐकलं नाही.
ब्रेक दाबायचे असतात हे अर्ध्या वाटेत आठवलं.
दगडांवरून मुजीबची घंटी आपोआप वाजत सुटली,
बाजूला व्हा, बाजूला व्हा,
आणि बाजूला व्हायला सगळ्या खोऱ्यात एक टिटवी.
ओरडले मी. आनंदानं नव्हे, खरंच घाबरून.
खाली पोचल्यावर पुन्हा वर बघितलं
आणि किती वाजले ते पाहिलं.
साडेसातची ड्युटी.

आज तीन महिने झाले.
पुन्हा स्वतःचाच दंड, दातांत धरलेलं रबर.
मूठ आवळली. सोडली.
ट्यूबवर या खेपेला पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचं धरून.
कागद निघायला अजून अकरा मिनिटं आहेत.
बाहेर रांग आहे, खोकला आहे, कुणाचं तरी लेकरू रडतंय.
मी स्टुलावर बसून
मोज्यात घुसलेलं एक कुसळ शोधते आहे.
सकाळपासून टोचतंय.