तीस

धुळ्याच्या सिव्हिलात, पुरुष सर्जिकल वॉर्डात,
कॉट नंबर सतरा.
उखाजी तांबट, वय अडुसष्ट, राहणार सोनगीर.
आतडं फुटलेलं, काल रात्री शिवलेलं.
नाकात नळी, कॉटला पुठ्ठा :
तोंडाने काहीही देऊ नये.
पुठ्ठ्यावरचं अक्षर माझं,
शाळेत बक्षीस मिळालेलं.

मी सावंतवाडीच्या अलीकडची,
बदली होऊन इथे अडीच महिने.
इथलं ऊन कळलं होतं,
भाषा कळते असं वाटत होतं.

रात्री अकराला म्हातारा म्हणू लागला, तीस.
जरा थांबून, पुन्हा तीस.
बाबा, काय तीस?
तीस, बाई, तीस.
एकोणतीस नाही, एकतीस नाही.
भूल उतरताना माणसं काहीबाही मोजतात.
मी लिहिलं : रुग्ण असंबद्ध बोलतो.
आणि तीन नंबरचं सलाईन बदलायला गेले.

परत आले तर मुलाच्या हातात पितळी तांब्या,
म्हाताऱ्याच्या ओठांना टेकलेला.
मी विचारलं नाही. हिसकला.
तांब्या फरशीवर पडला, गडगडत कॉटखाली गेला.
पितळ किती वेळ बोलत राहतं,
ते त्या रात्री कळलं.

"आमना बाप शे तो! पानीबिगर मारशात का?"
भटू त्याचं नाव. एका पायात चप्पल, दुसरा ओला.
मी म्हटलं, वाचता येत नाही का?
हे मी म्हटलं. ही ओळ खोडणार नाही.
व्हरांड्यातून चुलते आले, साडू आला,
कुणीतरी मोबाईल वर धरला,
मी सिक्युरिटी, सिक्युरिटी करत राहिले,
आणि त्या गलक्यात
म्हातारा परत काय म्हणाला
ते कुणी ऐकलंच नाही.

कोकिळाबाई, त्याची बायको, तेवढी खाली वाकली.
तांब्या काढला,
पोचा पडला होता तिथे अंगठा फिरवला.
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"तीस लागनी त्यासले."
म्हणजे?
"तीस. पानीनी तीस."

तहान.
आमच्याकडे तान म्हणतात.
अकरापासून दीडपर्यंत एक माणूस पाणी मागत होता
आणि मी आकडा समजत होते.
हे मी सगळ्यांसमोर सांगितलं, मोबाईलसमोरही.
मला वाटलं, ते मोजतायत. चुकलं माझं.
कुणी काही बोललं नाही.
साडू हसला, मग उगाच खोकला.

ग्लोव्हजच्या रिकाम्या खोक्यावर मी आतडं काढलं,
सुटलेल्या सुतळीसारखं,
टाके कुठे, पाणी गेलं तर कुठून झिरपेल.
भटू बघत राहिला. पटलं की नाही, कळेना.
म्हातारीने खोकं उजेडाकडे तिरपं केलं.
"भांडाले डाक लावा का लगेच पानी भरतस का रे, भटू?
डाक निवाले नको?"

नर्सिंगच्या पुस्तकात डाक हा शब्द नाही.

मग गॉज भिजवून मी भटूच्या हातात दिला.
ओठांवरून फिरवा, पिळू नका.
मी सांगायच्या आधीच तो हात धुऊन आला.
तीनच्या सुमाराला त्याला डुलकी लागली,
तेव्हा मी फिरवला.
रजिस्टरातल्या ओळीवर काट मारून लिहिलं :
रुग्ण तहान लागल्याचे सांगतात.

तक्रार मात्र गेली. चुलत्याने केलेली.
मागे घेतली नाही,
घ्या असं मीही म्हटलं नाही.

चौथ्या दिवशी राउंडला डॉक्टरांनी लिहिलं :
पाणी, तोंडाने, तीस मिली.
औषधाच्या झाकणात मी मोजून ओतलं.
उखाजीने गिळलं, डोळे मिटले,
ते कुठवर उतरलं त्याचा अंदाज घेतला
आणि म्हणाला, तीस.

आता ही तहान, की हिशेब?
भटूने माझ्याकडे पाहिलं, मी कोकिळाबाईकडे.
तिने तांब्या उशाशी सरकवला, रिकामाच.
त्याने पोच्यावर नख वाजवून पाहिलं.
नीट वाजत नव्हता अजून.