अदखलपात्र

सुपडू नेहेते, सावद्याच्या वजनकाट्यावर कामाला.
शर्टभर केळीच्या चिकाचे डाग,
धुऊन न जाणारे.
रक्ताचे त्यातच खपून जातात, म्हणाला,
म्हणून घरीही हाच घालतो.

मनगटावर तापल्या सराट्याची कड उमटलेली.
मागच्या खेपेला घडाचा दांडा लागला होता,
त्याआधी गाडीवरून पडला होता.
या वेळी काही सुचलं नाही.

भालेराव बाकावरून म्हणाले,
"बायकोनं? अन् तू काय बांगड्या भरेल होत्या का?"
ठाणं हसलं.
मीही, जराशी.
लिहिता हात हलला, तशा माझ्याच वाजल्या.

घरातल्या माराचा कायदा मला पाठ आहे.
आई असती तर तिच्यासाठी
मीच अर्ज लिहिला असता.
त्यात पीडित म्हणजे स्त्री.
पुढं वाचलं, मागं वाचलं,
सुपडूला बसायला जागा निघेना.

साधी दुखापत लिहिली.
बांधावर शेजाऱ्यानं मारलं असतं
तरी हेच लिहिलं असतं.

नक्कल त्यानं डब्यात ठेवली,
कळण्याच्या उरल्या भाकरीखाली.
खिसे ती तपासते.

दारातून वळला.
"मॅडम, रात्री इथं लाइट चालू राहतो ना?"