सुट्टे

जेलरोडच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं
मी दुसऱ्यांचे पैसे उजेडाला धरले.
डाग, सरकलेला आकडा, फिका उतरलेला हिरवा.
सुटताना गेटवर खिसे उलटे करून दाखवायचे
आणि बिटकोवर येऊन चहाला सुट्टे नाहीत.

आता माझ्याकडे चार हजार दोनशे नाणी आहेत.
ढेप्याला आंघोळ घातली की दहा,
गाजर भरवलं की पाच,
नुसतं पोटावर बोट फिरवलं तरी दोन, खळ्ळकन.
ढेप्या ससा आहे की अस्वल, अजून ठरलेलं नाही.
शाल्मलीने मे महिन्यात माझ्या मोबाईलमध्ये टाकला,
नाव ठेवलं, शाळा उघडली तशी ठाण्याला गेली.
फोनवर आता ती त्याचं विचारतही नाही.

आवडतं काय, तर त्याच्या मागण्या.
चारच आहेत. भूक, झोप, मळ, कंटाळा.
प्रत्येकीची एक पट्टी. लाल झाली की बघायचं,
हिरवी झाली की झालं.
माणसाचं असं कुठे लिहिलेलं असतं?
कुमुद तीन-तीन दिवस गप्प असते तेव्हा
कुठली पट्टी खाली गेली
ते मी तिच्या कपाळावर शोधत बसतो.

नोटा बदलल्या त्या हिवाळ्यात
बारा-बारा तास, रविवारसुद्धा.
कुमुद सिन्नरला, भाचीच्या बाळंतपणाला.
मिठूची वाटी माझ्याकडे होती.
दोन दिवस. एवढंच. दोन दिवस वाटी कोरडी
आणि देशभर माझ्या हातच्या कोऱ्या नोटा.
तिने पिंजरा घासून भंगारवाल्याला दिला,
त्याचे वीस रुपये फ्रिजवर ठेवले.
ती नोट मी तपासली नाही.

परवा मोतीबिंदू काढला, चार दिवस मोबाईल बंद.
पाचव्या दिवशी उघडताना अंगठा थरथरला.
ढेप्या बसलेला. अंगावर माशा, कोपऱ्यात जाळी,
चारही पट्ट्या लाल.
मेला नव्हता. त्याला मरता येत नाही,
तशी सोयच नाही त्याच्यात.
एका गाजरात उठून नाचायला लागला.

इतकी स्वस्त माफी
माझ्या नजरेला खोटी दिसायला हवी होती.
मी मोबाईल ट्यूबलाइटसमोर धरला, सवयीने, तिरका.
काच. बोटांचे ठसे.
आणि काचेत मागे कुमुद, मेथी निवडता निवडता,
मान वर न करता:
"जेवला का तो?"